मदत हवी आहे: वजनाचे इंजेक्शन घटस्थापनेच्या आधी सुरू करावे की दसऱ्यानंतर?

औसाकरीण
नमस्कार. माझे वय 47 असून मी लातूरला राहते. डॉक्टरांनी वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन लिहून दिले आहे आणि त्याच्या चार कुप्या गेले सहा दिवस आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे पडून आहेत. येत्या सोमवारी घटस्थापना आहे. लग्न झाल्यापासून मी तुळजाभवानीचे नऊ दिवसांचे उपवास करत आले आहे आणि यंदाही करणारच आहे, त्यामुळे तो विषय कृपया काढू नये. पहिले इंजेक्शन रविवारी घ्यावे की दसऱ्यानंतर, एवढेच मला सांगा. डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत आणि दवाखान्यात फोन कोणी उचलत नाही. "चालायला जा, गोड सोडा" हे मी चार वर्षांपासून ऐकत आहे, तेव्हा तेही लिहू नये.

बालाघाट
ताई, औषधाचे नाव, आपली उंची, वजन, मधुमेह आहे की नाही आणि इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्यावर उत्तर देणारा माणूस अंदाजच बांधेल.

औसाकरीण
मौंजारो, 2.5 मिलिग्रॅमची. उंची 152 सेंटिमीटर, वजन 74 किलो. साखर काठावर आहे, पण तिची गोळी अजून नाही. थायरॉईडची 75 ची गोळी रोज सकाळी घेते, ती तर आजकाल घरटी एकीला असतेच. आता रविवार की दसरा, ते सांगावे.

ज्वारीप्रेमी
ताईंनी नको म्हटले असले तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. मी वयाच्या 52 व्या वर्षी पोळी आणि भात पूर्ण बंद करून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, वरण आणि पालेभाजी एवढ्यावर राहिलो आणि अकरा महिन्यांत नऊ किलो वजन उतरवले. आपल्या भागातल्या आज्या दिवसभर खुरपून संध्याकाळी भाकरी-ठेचा खात असत, त्यांना कोणते इंजेक्शन लागले होते? शिवाय हे औषध सोडले की वजन परत येते, हे दुकानदार सांगत नाहीत.

गोदाकाठ
आपल्या आज्या खुरपत होत्या आणि ताईंना बहुधा दिवसभर खुर्चीत बसावे लागते, हा फरक आपण सोयीने विसरता. औषध सोडल्यावर बऱ्याच जणांचे वजन परत वाढते हे खरे आहे, परंतु रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाबही वाढतो आणि म्हणून ती गोळी निरुपयोगी ठरत नाही.

ताई, आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 32 येतो. भारतीयांसाठी 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे डॉक्टरांनी उगीच औषध दिलेले नाही. 2.5 चा डोस पहिले चार आठवडे केवळ शरीराला सवय व्हावी म्हणून असतो, खरा उपचार 5 पासून सुरू होतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 15 च्या डोसवर 72 आठवड्यांत सरासरी सुमारे 21 टक्के वजन उतरले होते. म्हणजे हा दीड वर्षाचा मामला आहे आणि खर्चही त्याच हिशेबाने धरावा. मार्च 2025 मध्ये हे औषध भारतात आले तेव्हा 2.5 ची एक कुपी 3,500 रुपयांना आणि 5 ची 4,375 रुपयांना होती. मी स्वतः नांदेडला सात महिन्यांपासून घेत आहे आणि मला कसलाही त्रास झालेला नाही. आपण रविवारी खुशाल सुरू करावे.

निवृत्त_परिचारिका
गोदाकाठ, आपल्याला त्रास झाला नाही याचा आनंद आहे, पण त्यावरून दुसऱ्याला "खुशाल" म्हणता येत नाही. या औषधाने पोट सावकाश रिकामे होते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता हे प्रकार बरेचदा होतात. अशा वेळी थोडे थोडे, कमी तेलकट खाणे आणि भरपूर पाणी पिणे एवढेच हाती असते. नवरात्रात आपण नेमके उलटे करतो. दिवसभर चहावर राहायचे आणि रात्री शेंगदाण्याच्या कुटात माखलेला साबुदाणा एकदम खायचा. त्यात उलट्या लागून पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो.

दुसरी गोष्ट या वयाची आहे. पाळी जायच्या सुमारास स्नायू तसेही कमी होऊ लागतात आणि चरबी कमरेभोवती साचते. औषधाने वजन झपाट्याने उतरते तेव्हा त्यात स्नायूही जातात, म्हणून प्रथिने आणि वजन उचलण्याचा व्यायाम पहिल्या आठवड्यापासून सांभाळावा लागतो. वरीच्या भगरीत आणि राजगिऱ्याच्या लाडवात ते भागत नाही.

आता मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. पाळी चालू आहे का? आणि घरात कोणाला गळ्याच्या गाठीचा कर्करोग झाला होता का?

औसाकरीण
मी दोन ओळींचा प्रश्न विचारला होता आणि येथे माझी जन्मकुंडली मांडली जात आहे. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. आईच्या गळ्याची गाठ 1998 मध्ये सोलापूरला काढली होती आणि ती "खराब निघाली" असे मोठी माणसे बोलत असत. आई त्यानंतर तेरा वर्षे चांगली होती, ती हृदयविकाराने गेली. "घरात थायरॉईडचा आजार आहे का?" असे डॉक्टरांनी विचारले होते, तेव्हा मी "हो, मलाच आहे" असे सांगितले.

बालाघाट
ताई, आता रविवार आणि दसरा दोन्ही बाजूला ठेवा आणि कुपीला हात लावू नका.

ज्वारीप्रेमी
मी सुरुवातीपासून हेच सांगत होतो.

निवृत्त_परिचारिका
ज्वारीप्रेमी, आपण भाकरीबद्दल सांगत होता.

ताई, घाबरू नका, पण नीट वाचा. आपली थायरॉईडची गोळी या औषधाच्या आड येत नाही. वजन उतरले की तिचा डोस बदलावा लागू शकतो, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) मधूनमधून तपासावे लागते, इतकेच. अडचण एका वेगळ्या आजाराची आहे. थायरॉईडच्या कर्करोगाचे अनेक प्रकार असतात. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा पॅपिलरी होय. मेड्युलरी नावाचा प्रकार दुर्मीळ आहे, पण तो काही कुटुंबांत आईवडिलांकडून मुलांकडे उतरतो. उंदरांवरच्या प्रयोगांत या गटातल्या औषधांनी थायरॉईडच्या ज्या पेशींत गाठी झाल्या, त्याच जातीच्या पेशींपासून माणसातला मेड्युलरी सुरू होतो. माणसांत तसे होते हे सिद्ध झालेले नाही, तरीही स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी झालेला असल्यास हे औषध देत नाहीत. आईच्या गाठीचा बायोप्सीचा कागद मिळाला तर सगळे स्पष्ट होईल.

पाळीचे विचारण्याचेही कारण होते. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली असे धरतात. तोपर्यंत दिवस राहू शकतात, या औषधावर असताना ते राहू नयेत आणि गर्भनिरोधक गोळी घेत असल्यास तिचा परिणाम या औषधाने कमी होतो.

सौरऊर्जा_धाराशिव
कुप्या फ्रिजमध्ये आहेत असे वाचले. आमच्याकडे दुपारी तीन-तीन तास वीज नसते, त्यामुळे मी आईचे इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतो. आपणही तसे करून पाहावे, किंवा छपरावर दोन सौर पट्ट्या बसवून घ्याव्यात. अनुदानाची माहिती देऊ शकेन.

गोदाकाठ
माठाचा भरवसा धरू नये. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. कुपी 30 अंशांच्या आत असेल तर बाहेर 21 दिवस चालते, पण बर्फाला चिकटून गोठली तर फेकून द्यावी लागते. आणि ताई, मी "खुशाल" लिहिले ते मागे घेतो. माझ्या डॉक्टरांनी मला हा प्रश्न विचारला होता, तो आपल्याला विचारावा हे मला सुचले नाही.

औसाकरीण
फ्रिजबद्दल मी विचारले नव्हते, तरी उठून पाहिले. एक कुपी बर्फाच्या कप्प्याला टेकलेली होती, पण आतले औषध गोठलेले नव्हते. ती खालच्या कप्प्यात ठेवली आहे.

औशाला भावाने आईची पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली दवाखान्याची फाईल निघाली. त्याने कागदाचा फोटो पाठवला आहे. टंकलेखनाची शाई फिकी झाली असून घडीवर एक ओळ पूर्ण गेली आहे. खालच्या ओळीत "पॅपिलरी" असे वाचता येते. मी तो फोटो मुलीलाही दाखवला, तिनेही तेच वाचले.

निवृत्त_परिचारिका
मला बरे वाटले, पण फोटोवर जाऊ नका. मूळ कागद मागवून घ्या आणि गेलेली ओळ डॉक्टरांना पाहू द्या.

औसाकरीण
भाऊ शनिवारी कागद घेऊन येत आहे. दवाखान्यात आज फोन उचलला गेला, डॉक्टर मंगळवारी येणार आहेत. त्या दिवशी माझी दुसरी माळ असेल, तरी जाणार आहे. इंजेक्शन रविवारी घेत नाही. पाळीबद्दल एक गोष्ट सगळ्यांसमोर लिहायला संकोच वाटतो, म्हणून निवृत्त परिचारिका ताईंना व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, तो कृपया पाहावा.