बाराव्या वाढदिवसाला पाकीटच द्यायचं, तर मनीऑर्डर काय वाईट होती?

पडवीतली आत्या
परवा इथे हिशेबी मामांनी लिहिलं की दहा ते तेरा वर्षांच्या पोरांना वस्तू घेणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. खेळण्यांचं वय गेलं, कपड्यांचं आलं नाही, काहीही द्या, 'छान आहे' म्हणून मोकळी. त्यापेक्षा पाकिटात पाचशे एक घाला आणि सुटा. खाली चाळीसेक अंगठे. अंगठा दाखवणं म्हणजे मराठीत काय, हे बहुतेक सगळे विसरलेत.

मामा, चिडले म्हणून लिहितेय. माझी भाची देवगडला असते, पुढच्या महिन्यात तिला बारा पूर्ण होतील. गेल्या वर्षी मी तिला कागदी फुलं करायचं खोकं नेलं होतं. "थँक्यू आत्या" झालं. मे महिन्यात माळ्यावरून आंब्याच्या रिकाम्या पेट्या काढताना तेच खोकं हाती आलं, वरचा चकचकीत कागदसुद्धा न फाडलेला. राग आला, पण कुणाचा ते कळेना. त्याच संध्याकाळी ती मला जेटीवर घेऊन गेली. गणिताच्या जुन्या वहीची मागची पानं काढली. होडीचं नाव, रंग, नंबर, आत यायची वेळ. निळ्या पेनाने आलेल्या, लाल पेनाने न आलेल्या. आदल्या वर्षीच्या 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, मासेमारीबंदीचे दोन महिने, पानभर एकच आडवा शब्द: सुट्टी.

ही पोरगी म्हणे हिला काही आवडत नाही! यंदा दुर्बीण घेतलीय. 8x30, म्हणजे आठपट मोठं दिसणारी, पुढची भिंगं 30 मिलिमीटरची. बाजारात पन्नासपट, शंभरपट लिहिलेल्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. लहान हातात त्या इतक्या थरथरतात की होडीच्या जागी लाटाच दिसतात.

हिशेबी मामा
आत्याबाई, तुमची भाची वही लिहिते. माझा पुतण्या सोफ्यावर लोळतो. वह्या लिहिणाऱ्यांना भेट द्यायला अक्कल लागत नाही. रिमोटची गाडी दिली 2,200 रुपयांची, चार दिवस चालली. शर्ट दिला, "असले कोणी घालत नाही". पाकीट म्हणजे पळवाट असं तुम्हाला वाटतं, पण मी पाकीट देऊन घरी जात नाही. त्याला पोस्टात घेऊन गेलो, 500 रुपये भरून त्याच्या नावावर खातं काढलं. दहा वर्षांपुढचं मूल स्वतःचं खातं स्वतः चालवू शकतं, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? पासबुकावर आपलं नाव बघून कार्टं पहिल्यांदा हसलं.

शेवंतीची आई
मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीच काढा ना. व्याजही चांगलं.

हिशेबी मामा
ते मुलगी 10 वर्षांची व्हायच्या आत काढायचं असतं. इथे बारावं चाललंय.

शेवंतीची आई
बरं. माहिती असलेली माणसं थोडी गोड बोलली तर बिघडतं का?

कौलारू
सावंतवाडीची गंजिफा द्या. दशावतारी संच, पत्त्यांची 120 गोल पानं, हाताने रंगवलेली. आपली वस्तू आहे, प्लास्टिक नाही.

पडवीतली आत्या
तुमच्या घरी कोण खेळतं?

कौलारू
खेळत नाही कोणी. फ्रेम करून लावलीय.

गरीवालो
आमच्या झिलाक गेल्या वर्षी सायकल घेतली. हप्त्यान घेतली, सांगाक लाज कसली. पयल्याच पावसात चेन लाल. आता ती मांगरात उभी आसा, तिच्यार कोंबडी झोपतत. आणि झील काय म्हणता? "बाबानू, माका काय नको, माका तुमच्या वांगडा मासे गरवूक येवचा आसा." आता सांगा, ह्याचा पाकीट खंय मिळता?

घाटावरचा जावई
दादा, चेनीला पंधरा दिवसांनी ग्रीस थापत चला. पुण्यात माझी सायकल सात वर्षं झाली, गंजाचा ठिपका नाही.

नारळीबाग
पुण्यात गंज नाही हे सांगायला सात वर्षं लागली? इकडे खारा वारा आहे, कपाटातल्या सुया गंजतात. ग्रीसवर वाळू बसते आणि चेन कानशीसारखी दाते खाते. आमच्याकडे खोबरेल लावतात, घाण्यावरचं.

निवृत्त मास्तर
खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. पौषात सकाळी बाटली उन्हात ठेवता ना? चेनीच्या सांध्यात तेच होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल आणा, एकेका सांध्यात एकेक थेंब, आणि वरून फडक्याने कोरडं पुसा. तेल आत हवं, वर राहिलं तर वाळूला आमंत्रण. पुळणीवर फिरवली की आधी गोड्या पाण्याने धुवून वाळवायची. मीठ तसंच ठेवलंत तर वर अत्तर लावा, फरक पडत नाही.

नारळीबाग
माझ्या वडिलांनी खोबरेलावर 30 वर्षं टपाल वाटलं. मास्तरांचं पुस्तक मोठं की वडिलांची सायकल?

निवृत्त मास्तर
वडिलांच्या सायकलला पूर्ण बंद चेनकव्हर होतं. हल्लीच्या गिअरवाल्यांना ते नसतं. कोकणच्या हवेत वडिलांना तारलं ते पत्र्याने.

नारळीबाग
कव्हर होतं. मान्य. तेलही खोबरेलच होतं.

घाटावरचा जावई
मी मदत करायला आलो होतो. गुहागरला सासरवाडी आहे माझी, अगदीच परका नाही. प्रत्येक गोष्टीत "तुम्ही घाटावरचे" कशाला?

नारळीबाग
सासरी जावई. इथे ग्रीस.

धूळ आणि डायव्हर्जन
तेल कुठलंही लावा, पोराने सायकल चालवायची कुठे? 2011 पासून मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण बघतोय. काम सुरू झालं तेव्हा जन्मलेलं पोर आता दाढी करायच्या बेतात आहे. आमच्या फाट्यावर साइडपट्टी नाही, ट्रेलर अंगावरून जातो. बारा वर्षांच्या मुलाला सायकल देणाऱ्याने आधी हेल्मेट द्यावं आणि मग स्वतः त्या रस्त्याने एकदा चालवून दाखवावी.

पडवीतली आत्या
अहो, वाढदिवस होता! महामार्गाला नंतर औक्षण करू. आणि जावईबापूंना उगाच टोचू नका, वाळूचं सोडलं तर ग्रीसने गंज थांबतो हे खरंच आहे.

घाटावरचा जावई
आभार. "वाळूचं सोडलं तर" हेही पोचलं.

हिशेबी मामा
आत्याबाई, दुर्बीण पावसाळ्यात काय करणार? भिंगाला बुरशी धरते. मेव्हण्याचा कॅमेरा असाच गेला, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. दुरुस्तीवाल्याने हातसुद्धा लावला नाही. तीन हजारांची वस्तू आणि दोन पावसाळे. पाकिटाला निदान बुरशी येत नाही.

पडवीतली आत्या
येते. तुमच्या काळच्या नोटांना यायची. पण हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, मी विचारच केला नव्हता.

निवृत्त मास्तर
कापडी पिशवीत ठेवू नका, पिशवी ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या मधूनमधून तापवून कोरड्या करा. शिवाय वापरात राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. अंधारात बंद पडून राहिलेल्या वस्तूंना धरते.

हिशेबी मामा
सगळ्यांचं वाचलं. ज्याला शंका असेल त्याने हा प्रयोग करावा: मी आत्ता पुतण्याला विचारलं, तुला नक्की काय हवंय? "काही नको." झालं, माझं म्हणणं सिद्ध. चहा घेतला. अर्ध्या तासाने आला आणि दाराच्या चौकटीला टेकून म्हणतो, काका, माझ्या सायकलची चेन बदलून द्याल का? गणपतीपासून बंद आहे.

गणपतीपासून. सायकल जिन्याखाली, माझ्या स्कूटरच्या मागे. रोज स्कूटर काढतो मी तिथून.

गरीवालो
पाकिटात चेन मावता काय, मामानू?

हिशेबी मामा
मावते. पाचशे एकात चेन, फडकं आणि हेल्मेटचा थोडा ॲडव्हान्स. रविवारी दोघं जाऊन आणतोय. तेल कुठलं ते मात्र इथे विचारणार नाही.

नारळीबाग
खोबरेल.