मुंजीत पाहुण्यांना जागेवर फोटो द्यायचाय, झिंक प्रिंटर पुरेल का?

पंचवटीकर:
मे महिन्यात मुंज आहे, पंचवटीतल्या कार्यालयात. बटूबरोबरचा फोटो प्रत्येक कुटुंबाला निघताना हातात द्यायचा आहे. १२० प्रती धरल्यात. २ बाय ३ इंची कागदाचा झिंक प्रिंटर (शाईऐवजी उष्णतेने खास कागदावर छापणारा) चाचणीसाठी आणलाय. चेहरे तांबूस येतात, लांबीच्या दिशेने बारीक पांढऱ्या रेघा दिसतात आणि ग्रुप फोटोत मागच्यांची डोकी छाटली जातात. फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेले आहेत, त्यामुळे होत असेल का? की प्रिंटरच बदलावा?

कागद_आणि_रंग:
व्हॉट्सअॅपला दोष देऊ नका. २ बाय ३ इंचाला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ६०० बाय ९०० पिक्सेल पुरतात, तेवढे त्या फोटोत असतात. मोठ्या ग्रुपमधून एकच चेहरा कापून काढणार असाल तर मात्र मूळ फाइल मागवा.

रेघा म्हणजे हेडवर (कागद तापवून छापणारा भाग) किंवा रोलरवर धूळ. पाकिटात एक निळा कागद येतो तो फेकू नका. बारकोड खाली करून तो चळतीच्या तळाशी ठेवायचा, म्हणजे आधी तोच आत जातो, हेड पुसतो आणि त्या पाकिटाप्रमाणे रंग जुळवून घेतो. फोटोचे कागद चकचकीत बाजू वर करून, एका वेळी १०च. एका पाकिटाचा निळा कागद दुसऱ्या पाकिटाला वापरू नका, आणि उरलेले कागद नव्या पाकिटात मिसळू नका. तांबूसपणाचं निम्मं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

उरलेलं निम्मं उष्णतेत. झिंकमध्ये शाई नसते. कागदातच पिवळा, मजेंटा (गुलाबी-जांभळा) आणि सायन (आकाशी) असे थर असतात, आणि हेड किती तापलं, किती वेळ तापलं यावर कोणता थर रंग धरणार ते ठरतं. लागोपाठ प्रिंट सोडले की हेड गार व्हायला प्रिंटर मध्येच थांबतो. तो बिघाड नव्हे, घाईने बंद-चालू करू नका. मे महिन्यात कागदाची पाकिटं गाडीत तर अजिबात ठेवू नका, न छापताच रंग बिघडेल. अॅपमध्ये ब्राइटनेस थोडा वाढवा, वॉर्मथ (पिवळट-तांबूस छटा) कमी करा. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखालच्या फोटोंना हे लागतंच.

डोक्यांचं गणित साधं आहे. फोन ४:३ मध्ये फोटो काढतो, कागद ३:२ चा. आडव्या फोटोत वरून-खालून मिळून सुमारे ११ टक्के भाग जातो. काढतानाच डोक्यावर जागा सोडा.

डायसब_नाशिक:
वरचं सगळं बरोबर, पण १२० प्रतींसाठी झिंक नकोच. त्याचा प्रिंट स्टिकर म्हणून कपाटावर चिकटवायला छान. इथे डाय-सब्लिमेशन (थोडक्यात डाय-सब, फितीवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा) प्रिंटर घ्या, उदाहरणार्थ कॅननचा सेल्फी सीपी१५००. १०० बाय १४८ मिमीचा प्रिंट, वर पारदर्शक थर, त्यामुळे ओल्या हाताचे डाग पुसता येतात.

एका प्रिंटला सुमारे ४१ सेकंद, म्हणजे १२० ला ८२ मिनिटं, कागद भरायचा वेळ वेगळा. ट्रेमध्ये १८च कागद मावतात, माणूस जवळ बसवावा लागेल. १०८ प्रिंटचं एक पाकीट तुम्हाला कमी पडेल, वर आणखी एक छोटं घ्या. अक्षता पडल्या की फोटो उरका आणि जेवणं चालू असताना प्रिंट सोडा.

दोन चुका सर्रास होतात. कागद चार वेळा आत-बाहेर जातो (तीन रंग आणि वरचा थर) आणि मागच्या बाजूनेही बाहेर डोकावतो. तिथे भिंत किंवा टेबलावरची फुलदाणी आली तर अडकतो. मागे वीतभर जागा ठेवा आणि कागद ओढू नका. दुसरं म्हणजे पंखा. त्याच्या वाऱ्याने धूळ बसली की प्रिंटवर पांढरे ठिपके. रिबन (रंगाची फीत) घालण्यापूर्वी तिची ढील चाकाने ओढून घ्या.

फोन प्रिंटरच्या वायफायला जोडला की ‘इंटरनेट नाही’ म्हणून तो परत मोबाइल डेटावर पळतो. छापताना डेटा बंद. प्लग जवळ हवा, बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.

पंचवटीकर:
आणि इन्स्टॅक्स मिनी लिंक, तो फोनवरचे फोटो छोट्या फिल्मवर छापणारा प्रिंटर? मुलांना ती पांढरी चौकट आवडते.

कागद_आणि_रंग:
छापायचा भाग ६२ बाय ४६ मिमी, प्रमाण जवळजवळ ४:३, त्यामुळे फोनचा फोटो फारसा कापला जात नाही. पण ती खरी फिल्म आहे, एका पॅकमध्ये १०. पॅक संपायच्या आत मागचं झाकण उघडलं तर प्रकाश लागून उरलेल्या फिल्म खराब होतात. चित्र उमटायला दीड मिनिट लागतं, हलवून काही लवकर होत नाही. कंपनी ५ ते ४० अंश सांगते. मेमधल्या नाशकात दुपारी उघड्यावर ती वरची मर्यादा गाठली जाऊ शकते, सावलीत ठेवा.

मुलांसाठी दोन पॅक आणा, बाकीच्यांना डाय-सब.

डायसब_नाशिक:
सहमत. आणि वापरलेली रिबन कार्यालयात टाकून येऊ नका, प्रत्येक फोटोची प्रतिमा तिच्यावर दिसते. घरी आणून कापून टाका.