मदत हवी आहे: भार कमी असूनही फ्यूज वारंवार का उडत असावा?

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत आमचे घर असून मीटरजवळ अजूनही चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. त्यांपैकी गीझरचा १५ अँपिअरचा फ्यूज हल्ली वारंवार उडतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते आणि ती वितळून वीज तोडते, हे मला ठाऊक आहे. परंतु २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जेमतेम ८.७ अँपिअर घेतो आणि त्या फ्यूजवर दुसरे काहीच नाही, मग तार वितळते कशी?

काढलेल्या फ्यूजवर काजळीचे शिंतोडे नव्हते. शॉर्ट सर्किट झाले असते तर ते बहुधा दिसले असते. तार मधोमध न तुटता एका स्क्रूपाशी तुटली होती, तेथील पितळ काळवंडले होते आणि चिनी मातीवर तपकिरी डाग पडला होता. जोड सैल असल्याने तेथे रोध वाढून तार तापत असावी, असा माझा तर्क आहे. वायरमनने जाड तार घालण्यास सुचवले, ते मी मानले नाही, कारण मग फ्यूजऐवजी भिंतीतील वायरच तापेल, आणि घरात वृद्ध आईवडील असतात.

जाणकारांनी कृपया सांगावे की, केवळ फ्यूजचा होल्डर बदलून भागेल का, की गीझरची कॉइलही मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) लावून तपासून घ्यावी? एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद पडणारा स्विच) बसवायचा झाल्यास जुन्या वायरची जाडी पाहून तो किती अँपिअरचा घ्यावा?