पावसाळ्यात पाळणे बंद. बारमाही राइड ऑपरेटर व्हायला गोवा सोडावा का?

डिचोलीचा पाळणेवाला:

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, वय चोवीस, आयटीआय इलेक्ट्रिशियन. जत्रांमधून पाळणे लावणाऱ्या एका मालकाकडे हंगामी कामाला आहे. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, पोरांची आगगाडी, सगळ्यावर हात बसलाय. दिवाळी झाली की गाडी भरायची, म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा म्हणजे आमची खरी कमाई, मग गावोगावच्या जत्रा, फेस्तं, आणि शिरगावची लईराई आटोपली की पावसाचे वेध. मे संपता संपता पाळण्याचे हात-पाय सुटे करून ताडपत्रीखाली. जूनपासून मी घरी. चार-पाच महिने कोणाच्या तरी बाथरूमचा गीझर जोड, कोणाचा पंखा लाव.

घरचे म्हणतात, कॅसिनोत लाग, नाहीतर हॉटेलात मेंटेनन्सला लाग. मित्रही तेच. पण मला हेच काम आवडतं, त्याला काय करू? पाळणा वर थांबला की वरच्या टोपलीतली माणसं किंचाळतात आणि खाली उतरल्यावर परत तिकीट काढतात, त्यात जी मजा आहे ती एसीचा फिल्टर धुण्यात नाही.

तर तीन वाटा दिसतात. खोपोलीचं इमॅजिका पार्क, बंगळूरचं वंडरला पार्क, आणि दुबई-आबुधाबीची पार्कं. म्हापशातला एक एजंट म्हणतो, सव्वा लाख दे, व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर पार्कात चिकटवतो. विचारायचं हे, की पार्कातली नोकरी खरंच बारा महिने असते की तिथेही पावसात घरी पाठवतात? जत्रेतला अनुभव कोणी धरतं का? आणि आई एकटी आहे, तेव्हा सुटीचं काय?

वास्कोकर काका:

बाबा रे, आयटीआय इलेक्ट्रिशियन हातात असताना पाळणे कसले फिरवतोस? अप्रेंटिसशिप कर, शिपयार्डात बघ. आमच्या पोरांना घेऊन एकदा गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलो होतो, बोटीतून. काय ती गर्दी! वाटायचं, हे कधी बंद पडणारच नाही. १९८९ साली सुरू झालेलं, २०२२ ला कुलूप. तिथल्या पोरांचं काय झालं असेल विचार कर. बारमाही म्हणजे कायम नव्हे.

सावईवेऱ्याची, सध्या आबुधाबी:

काकांचं शेवटचं वाक्य खरं आहे, बाकी पटलं नाही. शिपयार्डातही कंत्राटी पोरं भरपूर आहेत.

मी फोंड्याला कॉलेज केलं, मग खोपोलीत ऑपरेटर होते, आता इथे एका इनडोअर पार्कात पॅनलवर, म्हणजे राइड चालवायच्या बटणांपाशी आहे. त्यामुळे जरा लांबड लावते, चालवून घे.

पहिलं, पावसाचं. पार्क बारा महिने उघडं असतं, सगळ्या राइड बारा महिने चालत नाहीत. खोपोली म्हणजे घाटाचा पायथा, तिथला पाऊस आपल्या सत्तरीच्या पावसाला भारी पडेल. वीज चमकायला लागली, वारा वाढला की बाहेरच्या मोठ्या राइड थांबवायच्याच, त्यात ऑपरेटरचं मत कोणी विचारत नाही. मग बाहेर रांगेतले लोक आरडाओरडा करतात आणि तू छत्री धरून त्यांना समजावत उभा. पण घरी पाठवत नाहीत, पगार चालू राहतो. उलट पावसाळ्यात गर्दी कमी म्हणून मोठी दुरुस्ती काढतात. रोलर कोस्टरची गाडी रुळावरून उतरवून सुटी करतात, चाकं बदलतात, वेल्डिंगच्या जागी रंगीत द्रव लावून तडा शोधतात. तू इलेक्ट्रिशियन आहेस ना, त्या दिवसांत त्या टेक्निशियन लोकांच्या मागे उभा राहा. का ते खाली सांगते.

सुटीचं गणित तुला गंमतीचं वाटेल. गणपतीची चवथ येते गर्दी ओसरलेली असताना, त्यामुळे चवथीला रजा मागितली तर बहुतेक मिळते. दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर, एप्रिल-मे विसर. म्हणजे गावची जत्रा विसर. माझ्या गावच्या जत्रेला मी गेलेली नाही त्याला आता बरीच वर्षं झाली, फोटो येतात व्हॉट्सॲपवर. आईला हे आधीच सांगून ठेव, नंतर सांगितलं की जास्त लागतं.

आता अनुभवाचं. धरतात, पण तुला वाटतं त्या कारणासाठी नाही. तुला आकाशपाळणा भरता येतो, म्हणजे एक टोपली भरली की समोरची भरायची, नाहीतर एका बाजूला वजन होऊन चाक ओढलं जातं. हे सुपरवायझरला मुलाखतीत सांग, त्याचे कान टवकारतील. वजन, तोल, गर्दी या गोष्टी तुला अंगाने कळतात. मात्र जत्रेत तू इंजिनाच्या आवाजावर आणि क्लचवर पाळणा चालवतोस. तुला वाटलं तर एक फेरी जास्त, पोरी ओरडल्या तर जरा जोरात. पार्कात ते संपलं. खोपोलीची नायट्रो ही रोलर कोस्टर घे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्डची, ४० मीटर उंच, फ्लोअरलेस, म्हणजे लोक बसले की पायाखालची फरशी खाली सरकते आणि पाय लोंबकळतात. ती फरशी पूर्ण खाली गेली नाही, एखाद्या सीटचा बार लॉक झाला नाही, तर तू बटण कितीही दाबलंस तरी गाडी हलणार नाही. अशा मोठ्या कोस्टरचा रूळ भागांत वाटलेला असतो, एका भागात एकच गाडी. पुढची निघाली नसेल तर मागची ब्रेकवर आपोआप थांबते. गाडी सोडायची तर पॅनलवरच्या माणसाला फलाटावरच्याचा इशारा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी दोघांनी दोन बटणं एकदम धरून ठेवावी लागतात. रोज सकाळी लोक आत यायच्या आधी रिकामी गाडी फिरवायची, वहीत सही, मेंटेनन्सची सही, मगच गेट. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने जाऊ नये.

मग माणूस कशाला हवा? माणसांसाठी. फलाटावर प्रत्येक सीटचा बार आधी खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा, हाताने, डोळ्यांनी नाही. एकदा एक गृहस्थ बसले, चांगले धिप्पाड. पट्टा येईना. दोन बोटं कमी. मुलगा शेजारच्या सीटवर, मागे अख्खी गाडी बसलेली आणि रांग बघतेय. मी वाकून फक्त त्यांनाच ऐकू येईल असं म्हटलं, ‘काका, ही सीट तुमच्या मापाची नाही, चला, मी तुम्हाला बाहेर जागा दाखवते.’ ते उठले. मुलालाही उतरायचं होतं, काकांनीच त्याला बसवलं. हे पाच सेकंद जमले तर तू ऑपरेटर. नाहीतर तिथेच भांडण, मॅनेजर, रांग तुंबली. उंचीच्या पट्टीपाशी तर रोजचा तमाशा. बुटात कागद कोंबलेली मुलं, डोक्यावर अंबाडा बांधून आणलेल्या मुली, ‘बोटभर तर कमी आहे हो’ म्हणणाऱ्या आया. अंबाडा दाबून मोजायचा, हसत मोजायचा आणि नाही म्हणायचं. जत्रेत तुम्ही पोराला बापाच्या मांडीवर बसवता ना? ती सवय इथे नोकरी घालवते.

पॅनलवर एक माणूस दिवसभर ठेवत नाहीत, लक्ष उडतं म्हणून फिरवत ठेवतात. गेट, फलाट, उंचीची पट्टी, परत पॅनल. म्हणजे दिवसाचा मोठा भाग तू उभा आणि बोलत असतोस. पायांना चांगले बूट घे, त्यात पैसे वाचवू नको.

माझं स्पष्ट मत सांगते. ऑपरेटर म्हणून शिर, ऑपरेटर म्हणून म्हातारा होऊ नको. नुसत्या ऑपरेटरच्या पगारात भाडं, खाणावळ आणि घरी पाठवणं ओढाताणीचं होतं, आणि वरच्या जागा मोजक्या. सीनियर, मग सुपरवायझर, मग ट्रेनर, इतकंच. तुझ्याकडे आयटीआय आहे. पीएलसी (राइड चालवणारा कंट्रोल कंप्युटर), सेन्सर, मोटर ड्राइव्ह यांचा कोर्स कर आणि मेंटेनन्सला सरक. राइड टेक्निशियन कुठल्याही पार्काला हवा असतो. एक पार्क बंद पडलं तरी त्याचं बिऱ्हाड दुसरीकडे लागतं, काकांच्या प्रश्नाचं उत्तर तेच.

आणि त्या एजंटला सव्वा लाख देऊ नको. वेगळं लिहिते, ड्युटीची वेळ झाली.

स्विंडनवासी बार्देसकर:

पात्रांव, घरातल्या कोणाचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा गोव्यात नोंदलेला असेल तर पोर्तुगीज पासपोर्टचं बघ. आम्ही आलो तेव्हा त्यावर थेट इंग्लंड होतं, ब्रेक्झिटनंतर ते दार बंद. युरोप मात्र उघडा आहे. पॅरिसचं डिस्नेलँड बारा महिने चालतं, १९९२ पासून. पण फ्रेंच लागेल, आणि भारताचं नागरिकत्व जाईल, हे लोक आधी सांगत नाहीत. जर्मनीतली पुष्कळ पार्कं हिवाळ्यात बंद, म्हणजे तुझा पावसाळा तिथे बर्फात.

डिचोलीचा पाळणेवाला:

ताई, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. बापाच्या मांडीवर बसवतो, हे वाचून मालकाला वाचून दाखवलं, तो गप्प. पोर्तुगीज भानगड आमच्याकडे नाही, आजोबा घाटावरून आलेले. अमेरिकेचं काय? तिकडे फ्लोरिडात म्हणे वर्षभर चालतं.

सावईवेऱ्याची, सध्या आबुधाबी:

चालतं, पण तुझ्यासाठी नाही. ऑर्लँडोची पार्कं वर्षभर उघडी, ती तिथल्या लोकांच्या जोरावर. तिकडच्या राइडवर परदेशी पोरं दिसतात ती बहुतेक उन्हाळ्यापुरती, जे-१ व्हिसावरची, आणि त्याला कॉलेजात शिकत असावं लागतं. हंगाम सोडायला निघालास आणि परत हंगामातच जाशील.

आता एजंट. व्हिजिट व्हिसावर इथे काम करणं बेकायदा आहे. पकडलं तर दंड, वर परत पाठवणी, आणि एजंट फोन उचलत नाही. माझ्या खोलीवरच्या एका मुलीला असंच आणलं होतं, महिनाभर ती खाली उतरायलाही घाबरायची. आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, तिथे त्याचा क्रमांक शोध. नोंदणीवाल्यालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. इथल्या कायद्याने तर व्हिसा आणि भरतीचा खर्च कंपनीनेच करायचा. मोठी पार्कं स्वतःच्या वेबसाइटवर जागा काढतात, अर्ज फुकट.

इथलं चांगलं म्हणशील तर फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स यांसारखी बंद छपराखालची पार्कं आहेत, त्यामुळे पंचेचाळीस डिग्रीतही वर्षभर काम चालतं. बाहेरच्या पार्कात जाणार असशील तर हे माहीत असू दे, की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. दुबईचं ग्लोबल व्हिलेज फक्त थंडीपुरतं, तिथे ‘बारमाही’ म्हणून कोणी सांगितलं तर हस आणि निघ. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, वर्षभर पुरं केलंस तर पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार हा शब्द करारात नीट बघ, भत्ते फुगवून मूळ पगार बारीक ठेवतात. पण लगेच येऊ नको. आधी भारतात दोन-अडीच वर्षं काढ, अनुभवाचं पत्र घे, इंग्रजी सुधार. इथे फलाटावर फिलिपिनो, नेपाळी, केनियाचे सगळे एकत्र, बोलायला इंग्रजीच.

वास्कोकर काका:

बाय, तू शिपयार्डाला नावं ठेवलीस पण बाकी सगळं शहाण्यासारखं लिहिलंस. मुला, जा. आईची काळजी असेल तर थिवीहून रात्रीची कोकणकन्या आहे, पहाटे पनवेल. सिंगापूरला नाही चाललास.

डिचोलीचा पाळणेवाला:

ठरवलं. लईराई झाली की मालकाचा हिशोब चुकता करून खोपोलीला जातो, आधी तिकीट काढून गिऱ्हाईक म्हणून दिवसभर फलाटावरची पोरं बघतो, मग अर्ज. बंगळूर नंतर बघू, कन्नड येत नाही. ताई, राहायला खोपोलीत बघू की पालीकडे?

सावईवेऱ्याची, सध्या आबुधाबी:

खोपोलीत. स्टेशन, एसटी, खाणावळ सगळं हाताशी. खोली बघताना भिंतीला ओल आहे का ते बघ, मे महिन्यात दिसत नाही म्हणून कोपऱ्यातला रंग नखाने खरवडून बघ. आणि शाळांना सुटी असताना जा, तेव्हाच फलाट खरा कळतो.