मदत हवी आहे: दिवंगत सैनिकांच्या मुलांचं निवासी उन्हाळी शिबिर

देणग्यांवर चालणारं पाच रात्रींचं शिबिर. ६ ते ८ वयाची १२ आणि ९ ते १४ ची २८ मुलं. स्वयंसेवक किती लागतील? आणि शेवटच्या रात्री आतषबाजी व्हावी असा देणगीदारांचा आग्रह आहे, ती ठेवावी का?

प्रतिसाद १
अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं निवासी प्रमाण धरा: ६ ते ८ वयाच्या ६ मुलांमागे एक, ९ ते १४ च्या ८ मुलांमागे एक. म्हणजे तुम्हाला २ + ४, एकूण सहा. पण हे झालं कागदावर. रात्री दोन वाजता एक मूल रडत उठलं की एक जण त्याच्यापाशी अडकतो, आणि मुलासोबत एकट्या मोठ्या माणसाला ठेवायचं नाही म्हणून दुसराही जातो. दहाच्या खाली येऊ नका. नर्स वेगळी.

खरी मेहनत फॉर्मवर घ्या. मृत्यूची तारीख आणि त्या व्यक्तीचा वाढदिवस विचारा. शिबिरात यातला एखादा दिवस येत असेल तर त्या गटाच्या ताईदादांना आधीच ठाऊक हवं. मृत्यू कसा झाला याबद्दल मुलाला नेमकं काय सांगितलंय, तेही विचारा. आत्महत्या असेल तर थोरल्याला माहीत आणि धाकट्याला नाही, असं असू शकतं. अंथरूण ओलं होतं का, हा रकानाही ठेवा. दुःखात मोठी मुलंसुद्धा पुन्हा लहान मुलांसारखी वागू लागतात. जादा चादरी आणि प्लास्टिकचं अस्तर तंबूतच असू द्या, म्हणजे सगळ्यांदेखत मागायला नको.

प्रतिसाद २
आतषबाजी अजिबात नको. ज्याचा बाबा स्फोटात गेला, त्याला त्या आवाजात काय ऐकू येईल? देणगीदारांना हेच कारण सांगा. मुलांना रांगेत उभं करून त्यांच्यासोबत फोटो काढणंही टाळा.

आठवणींचा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी सकाळी घ्या. शेवटच्या रात्री घेतला तर मुलं उघड्या जखमेनिशी घरी जातात. मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे वापरा. तंबूत पेटती वात नको. सहभाग ऐच्छिक, आणि त्याच वेळी शेजारी चेंडूचा खेळ चालू ठेवा.

बोलताना 'झोपले' म्हणू नका. लहान मुलं ते शब्दशः घेतात आणि झोपायलाच घाबरतात. सरळ 'वारले' म्हणा.

धागाकर्ता
आतषबाजी रद्द. भावंडं एका तंबूत ठेवावी का?

प्रतिसाद १
प्रत्येकाला वेगवेगळं, एकेकटं गाठून विचारा. एकत्र विचारलं तर थोरलं 'हो'च म्हणणार, कारण घरी धाकट्याला तेच सांभाळत असतं. दिवसा मात्र गट वयानुसारच.