हळदीच्या सौद्याच्या नोंदी: प्रोटोबफ की जेसन?

सांगलीहून (धागा):
मार्केट यार्डातल्या हळद सौद्याच्या नोंदी रॉक्सडीबीत (की देऊन व्हॅल्यू ठेवणारा, यंत्रावरच चालणारा डेटाबेस) ठेवायच्या आहेत. एका लॉटची एक व्हॅल्यू: हळकुंड, गठ्ठा की कणी, पोती, वजन, दर, अडत्या आणि खरेदीदाराचा नंबर. रॉक्सडीबीला व्हॅल्यू म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे फॉरमॅट आपणच ठरवायचा. माझं मत प्रोटोबफला: त्यात रकान्यांना नावाऐवजी क्रमांक असतात आणि नोंद मोजक्या बाइटांत बसते. जेसन म्हणजे वाचता येणारा मजकूर; त्यात रकान्यांची नावं दर नोंदीत पुन्हा साठतात. 'हळकुंड' यूटीएफ-८मध्ये १८ बाइट घेतं. पायथन मूळ सेटिंगवर तेच एस्केप करून (प्रत्येक चिन्हाऐवजी त्याचा सहा अक्षरी कोड लिहून) ३६ करतं. प्रोटोबफमध्ये एनम (ठरलेल्या नावांना आकडे) केलं की २ बाइट. क्विंटलचा १६,२५० रुपये दर पैशांत ठेवला तर टॅगसकट (रकान्याचा क्रमांक सांगणारा बाइट धरून) ४ बाइट.

तासगावहून:
जागेचा हिशेब मांडून बघा. दिवसाला १,००० लॉट, लॉटला २०० बाइट, वर्षाचे ३०० दिवस धरले तरी ६० एमबी. एवढ्यासाठी डोळ्यांनी वाचता येणारी नोंद सोडायची? शेतकरी पट्टी घेऊन आला की आत काय लिहिलंय ते तिथल्या तिथं दिसलं पाहिजे. प्रोटो फाइल (रकान्यांची नावं आणि क्रमांक जिच्यात असतात ती) हरवली तर प्रोटॉकचा (प्रोटोबफच्या कंपायलरचा) डिकोड-रॉ नुसते क्रमांक आणि आकडे दाखवतो. त्यातला वजनाचा कुठला आणि दराचा कुठला, हे कोण सांगणार?

सांगलीहून:
जागेचा मुद्दा मागे घेतो. पण जेसनमध्ये एक प्रोग्रॅम दर आकडा म्हणून लिहितो, दुसरा स्वल्पविरामासकट स्ट्रिंग म्हणून, आणि लिहिताना कुणीच अडवत नाही. चूक सापडते ती पट्टीची बेरीज चुकल्यावर.

तासगावहून:
त्यावर उपाय आहे. लिहिण्याआधी जेसन स्कीमाने (कुठल्या रकान्यात काय चालेल याच्या नियमांनी) तपासा आणि न बसणारी नोंद तिथंच परत पाठवा. दर पैशांत, वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांक.

मिरजेहून:
प्रोटोबफही सगळं अडवत नाही, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावं. त्याच्या प्रोटो-३ आवृत्तीत साध्या रकान्यातलं शून्य लिहिलंच जात नाही. मग हमाली शून्य होती की भरायची राहिली, हे कळत नाही. तिथे ऑप्शनल लावा, म्हणजे भरलेलं शून्यही लिहिलं जातं. वजनातली तूट इंट३२ या पूर्णांक प्रकारात ठेवलीत तर उणे १ ला १० बाइट लागतात, त्यासाठी उणे आकडे थोडक्यात लिहिणारा एसइंट३२ आहे. सगळ्यात घातक म्हणजे जुना क्रमांक पुन्हा वापरणं. हमालीचा ५ क्रमांक काढून तोलाईला दिला, की मागच्या सगळ्या लॉटची हमाली तोलाई म्हणून वाचली जाते. एरर येतच नाही. रकाना काढलात तर क्रमांक रिझर्व्ह कराच, म्हणजे तो पुन्हा वापरता येणार नाही.
आणि पिकल (पायथनचा स्वतःचा फॉरमॅट) कुणी सुचवू नये. ते उघडतानाच आतला कोड चालू शकतो.

विट्याहून:
मला तर रॉक्सडीबीच पटत नाही. 'या व्यापाऱ्यानं मार्चमध्ये किती पोती उचलली?' हा प्रश्न येणारच. तेव्हा प्रत्येक व्हॅल्यू उघडत बसणार, की इंडेक्स (शोधायची सूची) स्वतः सांभाळणार? पोस्टग्रेस (एसक्यूएल डेटाबेस) घ्या. दर, वजन, तारीख साधे कॉलम, बदलतं तेवढंच जेसनबीत (पोस्टग्रेसच्या जेसन ठेवणाऱ्या कॉलममध्ये). तिथे आकडे न्यूमेरिक म्हणून राहतात, दशांश बिघडत नाहीत. मात्र की-चा क्रम टिकत नाही आणि दुबार की असेल तर शेवटचीच उरते, म्हणून मूळ मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवायचा असेल तर तो मजकूर वेगळा ठेवा.

सांगलीहून:
रिपोर्टसाठी पोस्टग्रेस मान्य. पण नेट गेलं तरी सौदा थांबत नाही; नोंद आधी यार्डातल्या यंत्रावरच पडणार.

विट्याहून:
मग तिथे एसक्यूलाइट. ती एकाच फाइलमध्ये राहते, तिलाही सर्व्हर लागत नाही.

मिरजेहून:
रॉक्सडीबीच ठेवणार असाल तर दोन गोष्टी आजच करा. व्हॅल्यूचा पहिला बाइट आवृत्तीचा ठेवा: आज १, रचना बदलली की २. वाचणारा प्रोग्रॅम तो बघून योग्य डिकोडर निवडेल, जुन्या नोंदी एका रात्रीत बदलाव्या लागणार नाहीत. दुसरं, की-मधला लॉट नंबर बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) आणि ठरावीक लांबीचा लिहा; रॉक्सडीबी की बाइटांच्या क्रमानं लावते. लिटल-एंडियन (लहान किमतीचा आधी) लिहिलात तर २५६ नंबरचा लॉट १ च्या आधी येतो आणि क्रमानं वाचलेला दिवसाचा सौदा उलटसुलट निघतो.