मदत हवी आहे: सायलेन्सर बदलल्यावर पाव थ्रॉटलला गाडी गुदमरते, स्लो जेट बदलू का?

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच दुखण्याशी झगडतोय, कुणा जाणकाराने वाट दाखवावी. गाडी एक सिलिंडरची, सीव्ही कार्ब्युरेटरची (यात आतला पिस्टन मुठीने थेट नाही, इंजिनच्या ओढीने वर जातो). मूळचा सायलेन्सर काढून मोकळा, आत कप्पे नसलेला बसवलाय. बेंड पाइप, एअर फिल्टर आणि त्याचा डबा मूळचेच.

पहिल्याच दिवशी कळलं की पेट्रोल कमी पडतंय. पूर्ण थ्रॉटलला गाडी ओढायचीच नाही. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं छिद्र, आकडा मोठा तितकं पेट्रोल जास्त) ११२.५ चा काढून ११७.५ टाकला, ते गेलं. पूर्ण थ्रॉटलवर पळवून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि प्लग काढून पाहिला: चिनीमाती फिकट तपकिरी. त्यामुळे मेन जेटला आता हात लावणार नाही.

खरी अडचण त्याच्या खाली आहे. मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्यात. (म्हणूनच मुठीची खूण आणि निडलची, म्हणजे पिस्टनला लावलेल्या, मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची उंची तंतोतंत जुळत नाही, हे ठाऊक आहे. तरी अंदाज येतो.) पावच्या खुणेशी गाडी क्षणभर गुदमरते, मग धक्का देऊन सुटते. त्याच जागी चोक किंचित ओढला की सरळ चालते, म्हणजे मिश्रण लीनच, पेट्रोल कमी. निडलची क्लिप वरून तिसऱ्या घरातून चौथ्यात घेतली, म्हणजे निडल वर आणि पेट्रोल जास्त. गुदमरणं कमी झालं, पण अर्ध्याच्या खुणेवर आवाज जड झाला आणि हलका काळा धूर दिसू लागला.

शिवाय इंजिन तापलं की थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम दोन-तीन सेकंद वरच लटकतो, आणि उतारावर सायलेन्सरमधून फटाके फुटतात. स्लो जेट (थ्रॉटल बंद किंवा थोडाच उघडा असताना पेट्रोल देणारा) मूळचाच, १७.५ चा. मिक्श्चर स्क्रू साडेतीन फेरे बाहेर आहे. २० चा जेट आणून ठेवलाय, पण बसवायला हात धजत नाही. काल टॉर्च मारून पाहिलं तर बेंड पाइप हेडला बसतो तिथे, एका नटाच्या बाजूला काजळीची रेघ उमटलेली. फटाके या गळतीचे असतील आणि मी उगाच पेट्रोल वाढवत बसलो तर? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

आधी बेंड पाइप आणि हेडमधलं पॅकिंग बदला, बाकी सगळं नंतर. थ्रॉटल बंद असताना पातळ मिश्रण सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही, न जळताच तापलेल्या पाइपात जातं. फटीतून हवा आत ओढली गेली की तिथे भडकतं, तोच तुमचा फटाका. हेडला सेकंडरी एअरची नळी येत असेल तर तीही ताजी हवा सोडते, तेवढं तपासून घ्या.

आरपीएम लटकणं मात्र पॅकिंगने जाणार नाही. गाडी आयडलला ठेवून इनटेक रबरच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर रबर चिरलंय. नाही बदलला तर स्लो जेटकडे वळा. स्क्रू इंजिनच्या बाजूचा असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूचा असेल तर हवेचा, तिथे उलट. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे न्यावा लागतोय म्हणजे जेट पुरत नाही. २० टाका, चालवून बघा, मगच क्लिपकडे जा. दोन बदल एकदम केलेत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

मूळ प्रश्न विचारणारा

मनापासून आभार! जुनं पॅकिंग एका बाजूने पार जळून तुटलं होतं. नवीन टाकल्यावर फटाके जवळजवळ थांबले, उतारावर एखादाच येतो. रबर ठीक निघालं. स्क्रू इंजिनच्या बाजूचाच आहे. २० च्या जेटवर दोन फेऱ्यांना आयडल सगळ्यात स्वच्छ लागतो आणि आरपीएम सोडल्याबरोबर खाली येतो.

मग क्लिप परत तिसऱ्या घरात घेतली. अर्ध्यावरचा धूर गेला, पण पावच्या थोडं पुढे किंचित अडखळ उरलीय, चौथ्या घरात ती नव्हती. क्लिपच्या खाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकून निडल अर्धं घर उचलू का? सीव्हीच्या निडलवर असं कुणी केलंय का?